‘पाहुणे’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, आपल्या वऱ्हाडातल्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या दारव्हा मोतीबाग स्टेशनवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. “चारचाकीतून उतरायचं, गंजलेल्या रुळांवर फोटो काढायचे अन् शकुंतलेच्या नावानं उसासे टाकायचे. गाडी चालू होती तेव्हा हे पाहुणे एस.टी.नं फिरत होते.” फोटोंत स्टेशनपेक्षा मीच जास्त दिसतो, हे मान्य. मोबाइल सौ.च्या हातात होता.

पण पाहुणे? माझं आजोळ कारंज्याचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा मूर्तिजापूरला घ्यायला यायचा, तिथून पुढं शकुंतला. गठुड्यांवर बसून जायचो. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडं गेली की उघडून परत चढायचा. तिकीट गार्डच द्यायचा. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत या लाइनीवर होतं. त्याच्या कोळशाची कणी माझ्या डोळ्यात गेली आहे आणि आजीनं पदराचा बोळा फुंकून ती काढली आहे. तुमच्या गेली होती का? प्रोफाइलवर वय दिसत नाही, म्हणून विचारतो.

आणि हो, एस.टी.नंही गेलो. आजोबांना यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं तर एस.टी.च. अडीच फुटी रूळ, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, अन् चाल अशी की उतरून लघवीला जाऊन पोरं परत चढायची. तापानं फणफणलेला म्हातारा त्यात कोण घालील? तुम्ही घातला असता? मग आम्ही घाईच्या वेळी एस.टी. धरली म्हणून आम्हाला हळहळायचा हक्क नाही, हा कुठला न्याय! गाडी काय माझ्या एस.टी.च्या तिकिटानं बंद पडली? देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारनं घेतल्या, ही लाइन मात्र सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडंच राहिली. गाडी चालवणारा एक, रुळांचा मालक दुसरा. अशा घरात कौलं कोण बदलतो?

‘इंग्रजांनी कापूस लुटायला घातलेली लाइन, ती काय पाहायची’ असंही तुम्ही म्हणता. कापसासाठीच घातली, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आई त्याच लाइनीनं माहेरी जायची. ही लाइन ब्रॉडगेज करण्याच्या मागणीवर मी अवाक्षर काढलं नाही म्हणता. तो लेख स्टेशन पाहण्याचा होता, निवेदन नव्हतं. बाकी मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं काही दिसलं नाही.

पुढच्या वेळी टोपणनाव सोडून नावगावानिशी या, मग बोलू. सौ.च्या चपलांवरची तुमची दुसरी प्रतिक्रिया मी उडवली आहे. काहून, ते विचारू नका.