शौर्याचे गोडवे न गाता पाळलेला शोक

जर्मन लोक लाजेपोटी आपल्या युद्धात मेलेल्यांचे नावही काढत नाहीत, असे आपल्याकडच्या चर्चांत बरेचदा ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही. नोव्हेंबरमध्ये, ख्रिसमसच्या आधीचे 'आडव्हेंट' पर्व सुरू होण्यापूर्वी दोन आठवडे, एका रविवारी तिथे 'फोक्सट्राउअरटाग' म्हणजे राष्ट्रीय शोकदिन पाळतात. बर्लिनला संसदेत मुख्य कार्यक्रम होतो. पण हा दिवस खरा कळतो तो लहान गावांत, चर्चशेजारच्या स्मारकासमोर. चर्चमधील प्रार्थना आटोपल्यावर महापौर, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक आणि थोडेफार गावकरी तिथे जमतात, पुष्पचक्र वाहतात आणि कुणीतरी ट्रम्पेटवर 'मला एक सोबती होता' या जुन्या गीताची चाल वाजवतो. शिळेवर १९१४ ते १९१८ मधील मृतांची नावे असतात आणि त्यांच्या खाली किंवा शेजारी, नंतर कोरलेली १९३९ ते १९४५ मधील नावे. दुसरी यादी अनेकदा पहिलीपेक्षा लांब असते आणि तीच ती आडनावे दोन्हींत येतात. ती वाचताना एकेका घराने दोन पिढ्यांत काय गमावले, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

या दिवसाचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय त्यातला संयम समजणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये स्थापन झालेल्या 'फोक्सबुंड' या युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या संस्थेने ही कल्पना मांडली आणि १९२२ मध्ये संसदेत पहिला शोकसमारंभ झाला. १९३४ मध्ये नाझींनी याच दिवसाचे नाव बदलून त्याला 'वीरस्मरणदिन' केले आणि अर्ध्यावर उतरवलेले ध्वज पुन्हा पूर्ण उंचीवर चढवले. शोकाचे रूपांतर पुढच्या युद्धाच्या तयारीत कसे करता येते, याचे इतके उघड उदाहरण मला दुसरे माहीत नाही. म्हणूनच १९५२ पासून हा दिवस वसंताच्या तोंडावरून काढून नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात आणला गेला, तो निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो.

आज राष्ट्राध्यक्ष जे स्मरणवाचन करतात, त्याची सुरुवात जर्मन सैनिकांपासून होत नाही. हिंसा आणि युद्ध यांना बळी पडलेली सर्व देशांची मुले, स्त्रिया आणि पुरुष यांचा उल्लेख आधी येतो. त्यानंतर सैनिक, युद्धकैदी, निर्वासित, वंशावरून किंवा अपंगत्वावरून ठार मारले गेलेले, प्रतिकार केला म्हणून जीव गमावलेले, असे सगळे येतात. ८ मे १९८५ रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रिशार्ड फॉन वाइत्सेकर यांनी संसदेतील भाषणात हा क्रम अधिक स्पष्ट केला होता : आधी छळछावण्यांत मारलेले साठ लाख ज्यू, मग युद्धात होरपळलेले इतर देशांचे लोक, विशेषतः सोव्हिएत संघ आणि पोलंडमधील असंख्य नागरिक, आणि त्यानंतर आपले सैनिक. स्वतः त्या युद्धात लढलेल्या आणि पहिल्याच दिवसांत सख्खा भाऊ गमावलेल्या माणसाने हा क्रम लावला, याचे मोल मला फार मोठे वाटते.

तरीही सगळे सुरळीत जमले आहे, असे मी म्हणणार नाही. बर्लिनमधील 'नोये वाखे' या जुन्या पहाऱ्याच्या, आता राष्ट्रीय स्मारक असलेल्या इमारतीत मृत मुलाला कवटाळून बसलेल्या आईचे शिल्प आहे. छताला वर्तुळाकार झरोका आहे, त्यातून पाऊस आणि बर्फ थेट तिच्या अंगावर पडतो. शिल्पकार केथे कोलवित्स यांच्या छोट्या मूर्तीची ही वाढवलेली प्रतिकृती १९९३ मध्ये तेव्हाचे चान्सलर (सरकारप्रमुख) हेल्मुट कोल यांच्या आग्रहाने तिथे बसवली गेली. कोलवित्स यांचा अठरा वर्षांचा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. वडिलांचा त्याच्या जाण्याला विरोध होता आणि त्यांचे मन वळवले होते ते आईनेच. ते शिल्प माझ्या मनाला भिडते, परंतु त्यासमोरच्या 'युद्ध आणि जुलमी राजवटीच्या बळींना' या अर्पणवाक्याशी माझे भांडण आहे. छावणीत मारला गेलेला आणि मारणाऱ्यांच्या फौजेत पडलेला, हे दोघे एकाच शब्दात बसत नाहीत. ज्यूंच्या केंद्रीय परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष इग्नात्स बुबिस यांनी नेमकी हीच हरकत घेतली, तेव्हा कुठे प्रवेशद्वाराशी बळींच्या गटांचा स्वतंत्र उल्लेख करणारा फलक लागला.

२०१७ मध्ये आलेक्सांडर गाउलांड या उजव्या नेत्याने दोन्ही महायुद्धांतील जर्मन सैनिकांच्या कामगिरीचा अभिमान बाळगण्याचा हक्क मागितला. मला ही मागणी मृतांवरच अन्याय करणारी वाटते, कारण अभिमानाला फक्त कामगिरी लागते, माणूस लागत नाही. फोक्सबुंडचे लोक आजही पूर्व युरोपातील शेतांतून आणि जंगलांतून दरवर्षी हजारो सैनिकांचे अवशेष उकरून काढतात. सांगाड्याजवळ काही वेळा पत्र्याची लंबगोल ओळखपट्टी सापडते. ती मधोमध तोडता येईल अशी बनवलेली असे, आणि मृत्यूनंतर अर्धी नोंदीसाठी पाठवली जाई. ती अखंड सापडली तर त्या सैनिकाच्या मृत्यूची नोंद बहुधा झालीच नव्हती, असे समजायचे. मग क्रमांकावरून नाव शोधायचे, हयात नातेवाईक असतील तर त्यांना कळवायचे आणि त्याला रीतसर पुरायचे. तो शूर होता का, हे या सगळ्यात कोणी विचारत नाही.