आकाशातली मोजणी

मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून ते कापायला पंधरा-सोळा तास लागतात, ही माहिती कोणालाही चुटकीसरशी मिळते. त्या पंधरा-सोळा तासांत शेजारी कोण बसणार, हे मात्र आधी कळत नाही आणि गेल्या आठवड्यात ते मला कळले तेव्हा विमानाची दारे बंद झाली होती.

शेजारचे काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक होते. त्यांच्यासमोरचा पडदा बंद पडलेला असल्यामुळे माझ्या पडद्यावर रात्रभर नकाशाच लावून ठेवावा, असे त्यांनी परस्पर ठरवले. विमान तुर्कस्तानावर आले तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांवरची पट्टी हलकेच वर केली. "साहेब, अमेरिका पश्चिमेला ना? मग हा उत्तरेला कुठे निघालाय?"

पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट नकाशावर वाकडी दिसणारी वाटच प्रत्यक्षात जवळची असते, आणि ती आदर्श वाट तर रशियावरून, आइसलँडच्या जवळून जाते, हे मी झोपेतच समजावले. नकाशावरच्या सरळ रेषेने गेलो असतो तर दीड हजारांहून अधिक किलोमीटर जास्त पडले असते, हेही सांगितले. काकांनी बोर्डिंग पासची कड पडद्यावर ठेवून सरळ रेषा तपासली आणि म्हणाले, "सगळी हयात जमिनी मोजण्यात गेली. सरळ रेषा मला शिकवू नका."

मग त्यांनी बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावले आणि आसपासच्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "हे साहेब म्हणतात, सरळ रेषा लांब पडते. यांना जरा पाणी द्या." पाणी आले. लोक हसले. मी ते प्यायलोही, याचा मला अजून राग येतो.

पाकिस्तानने एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यामुळे आपल्याला आणखी वळसा पडतो, असे मी म्हणालो, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे वहिवाट अडवली! हे आधी सांगायचं की!" पुढचा तासभर त्यांनी मला करवीर तालुक्यातल्या एका बांधाचा दावा गटनंबरासह ऐकवला. खिडकीच्या ज्या जागेसाठी मी वेगळे पैसे मोजले होते, तिथून बाहेर नुसता अंधार दिसत होता आणि उठून जायला वाट नव्हती.

उतरताना, बोलणे संपावे म्हणून, परतीच्या प्रवासात पश्चिमेकडून वाहणारे जोराचे वारे पाठीशी असल्याने तास-दीड तास वाचतो, अशी माहिती मी दिली. काका थांबले. त्यांच्यामागे अख्खी रांग थांबली.

"तास कमी, इंधन कमी, मग येतानाचं तिकीट स्वस्त का नाही?"

माझे परतीचे तिकीट जातानाच्या तिकिटापेक्षा महाग पडले आहे. विमान कंपनीला मी हाच प्रश्न लिहून पाठवला. माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा असल्याचे उत्तर तत्काळ आले, मोल किती ते कळवलेले नाही.