समुद्री शेवाळाचं इंधन : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की शेवाळापासून इंधन हे पन्नास वर्षं जुनं गाजर आहे. अमेरिकेने त्यावर पैसा ओतला आणि ती हात हलवत परतली. शिवाय इंधनाला पुरेल एवढं शेवाळ पिकतच नाही, जे माणसं खातात ते जाळायचं कशाला, आणि लागवडीने समुद्राची नासाडी होईल ती वेगळीच. आक्षेप वजनदार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेचं आधी. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईत कॅलिफोर्नियाजवळ खुल्या समुद्रात केल्प या तपकिरी शेवाळाची प्रायोगिक शेती उभारली गेली. लाटांनी आणि प्रवाहांनी रोपं तोडून नेली, पुढे तेल स्वस्त झालं आणि निधी आटला. पण त्याच काळात प्रयोगशाळेत केल्प कुजवून मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू, चांगला मिळत होता. गाडं अडलं ते समुद्रात, गॅसच्या टाकीत नव्हे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

प्रमाणाच्या मुद्द्यावर तुम्ही म्हणता त्याहून मी कडक आहे. जगात वर्षाला साधारण साडेतीन कोटी टन ओलं शेवाळ पिकतं, जवळपास सगळं आशियात. वाळवलं तर त्याचं जेमतेम पन्नास लाख टन उरतं आणि त्यातली सगळी ऊर्जा म्हणजे जगाला दोन-अडीच तास पुरेल एवढं खनिज तेल. त्यामुळे शेवाळ पेट्रोलची जागा घेईल असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बायोडिझेलचं तर नावच नको. या मोठ्या शेवाळांत मेद असतो अगदी थोडा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेलासाठी ज्यांचं नाव घेतात ती सूक्ष्म शैवालं निराळी.

खरी मेख पाण्यात आहे. दहा किलो ताज्या केल्पमध्ये साडेआठ किलो पाणी धरा. ते आटवायला सुमारे 20 मेगाज्यूल उष्णता लागते आणि उरलेल्या दीड किलो सुक्या मालात ऊर्जा असते साधारण 18. म्हणजे भट्टीत वाळवून जाळणं हा सरळ तोट्याचा धंदा. म्हणूनच मी गोबरगॅसच्या वाटेने जातो. तिथे माल ओलाच चालतो, आणि लाकडाला टणक करणारं लिग्निन शेवाळात जवळपास नसल्याने जिवाणूंना ते फोडायला सोपं जातं. इथॅनॉलचं तसं नाही: तपकिरी शेवाळातलं अल्जिनेट, म्हणजे त्यातला चिकट कर्बोदक पदार्थ, साध्या यीस्टला पचत नाही, त्यासाठी जनुकं बदललेले जीव लागतात. गॅसच्या टाकीत जिवाणूंची मिश्र फौज असते, ती अल्जिनेटही फस्त करते. त्रास आहेच. मिठाने जिवाणू मंदावतात, म्हणून शेण किंवा दुसरा ओला कचरा मिसळतात. गंधकामुळे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी, धातू गंजवणारा वायू निघतो, तो काढायला गॅस गंजलेल्या लोखंडी किसातून सोडावा लागतो.

आता खाण्याचं. तुमच्याशी मी सहमत आहे, खाण्याजोगं शेवाळ टाकीत जाऊ नये. पण अल्जिनेट काढून घेतल्यावर जो चोथा उरतो, त्याचं काय? किंवा 2011 पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन कुजणारं सरगॅसम हे तरंगतं तपकिरी शेवाळ? त्यात आर्सेनिक असतं, ते कोणी खाणार नाही. बार्बाडोसमध्ये वेस्ट इंडिज विद्यापीठाच्या संशोधकांनी तेच सरगॅसम, रम कारखान्याचं सांडपाणी आणि मेंढ्यांच्या लेंड्या एकत्र कुजवून त्या गॅसवर मोटार चालवली. इंधन इथे जोडउत्पन्न आहे, आणि माझा आग्रह तेवढाच आहे.

समुद्राच्या नासाडीची तुमची भीती मात्र जागेवर अवलंबून आहे. शेतातून वाहून आलेल्या नायट्रोजनने जिथे पाणी आधीच माजलंय, तिथे दोरावर वाढवून कापून नेलेलं शेवाळ तो नायट्रोजन बाहेर काढतं. पण जिथे पाण्यात मुळात पोषणच थोडं आहे, तिथे तीच लागवड स्थानिक प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, तोंडचा घास काढते आणि तळाशी सावली धरते. अशा जागी, किंवा बाहेरून आणलेल्या जातीची शेती करायची म्हटली तर, विरोध करणाऱ्यांत मीही असेन.