नोकऱ्या दिल्या, आता घरांचं बघा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेत येऊन मला सहा वर्षं झाली. समुद्राच्या कडेकडेने पश्चिमेला तासभर गाडी हाकली की स्पिडेल, कास्ला करत खाहरू रुआ गाव येतं. वाटेत पाट्यांवरचं इंग्रजी नाहीसं होतं. हा गेलतख्त, आयरिश भाषा अजून घरांमध्ये बोलली जाते तो मुलूख.

गेल्या जुलैत तिथल्या एका बाईंच्या स्वयंपाकघरात दुपारभर बसले होते. उन्हाळ्यात आयर्लंडभरची शाळकरी मुलं तीन-तीन आठवडे आयरिश शिकायला येतात आणि अशा घरांत राहतात. घरधनिणीला 'बॅन अन टी' म्हणतात. टेबलावर बटाट्यांचं भलं मोठं पातेलं, भोवती बारा मुलं. केचप हवं असेल तर आयरिशमध्ये मागायचं, नाहीतर बाटली पुढे सरकत नाही. सरकार या घरांना दर मुलामागे, दर रात्रीमागे पैसे देतं. माझ्या मते गेलतख्तवर होणाऱ्या खर्चातला हा सर्वांत सत्कारणी लागणारा पैसा आहे. तो गावातल्या दुकानात, बसवाल्याकडे, सभागृहाच्या भाड्यात फिरतो आणि भाषा बोलल्याशिवाय मिळतच नाही. कोर्का गीव्ना या दुसऱ्या गेलतख्त भागातली १९६७ ची सहकारी संस्थाही याच वाटेने गेली. तिचे उन्हाळी वर्ग आजही चालतात.

मोठी रक्कम मात्र उद्योगांकडे जाते. १९५७ च्या कायद्याने गेलतारा एरन हे मंडळ आलं, लोकर-कापड आणि खेळण्यांचे कारखाने चालवायला. १९८० पासून त्याची जागा ऊदारास ना गेलतख्ता या प्राधिकरणाने घेतली. ते शेड बांधतं, भांडवल देतं, प्रशिक्षण देतं. त्याच्या मदतीवर उभ्या असलेल्या कंपन्यांत आज ७ हजारांहून जास्त माणसं कामाला आहेत. या खर्चाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. त्याआधी गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कॉनमाराचा तरणा पोरगा बॉस्टनची वाट धरायचा आणि डोनेगॉलचा ग्लासगोची. गावात माणूसच उरला नाही, तर भाषा बोलायची कोणाशी?

पण सत्तरच्या दशकात कारखान्यांबरोबर बाहेरचे मॅनेजर आले, तंत्रज्ञ आले. परदेशातून परतलेल्यांबरोबर इंग्रजी बोलणारे जोडीदार आणि मुलं आली. कँटीनमध्ये इंग्रजी सुरू झालं आणि तेच घरी गेलं. माणसं राहिली, भाषा पातळ झाली. २०२२ च्या जनगणनेत गेलतख्तची लोकसंख्या १ लाख ६ हजारांवर गेली, २०१६ पेक्षा सुमारे साडेसहा हजारांनी जास्त. शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे मात्र २० हजारांच्या आसपासच, तेही आधीपेक्षा थोडे कमीच. हे आकडे मला झोप लागू देत नाहीत.

आता ऊदारासने गावोगावी 'गीटेक' नावाची डिजिटल केंद्रं उघडली आहेत. चांगलं इंटरनेट, बसायला टेबल, गावातूनच डब्लिनच्या कंपनीचं काम. उत्तम योजना. पण काम करणाऱ्याने संध्याकाळी जायचं कुठे? भाड्याने घर मिळत नाही, कारण उन्हाळ्यात पर्यटक दुप्पट देतो. विकत घ्यावं तर शहरातला माणूस सुट्टीचं घर म्हणून आधीच घेऊन बसलेला असतो, आणि ते दहा महिने कुलपात. वडिलांच्या जमिनीवर बांधावं तर परवानगीत वर्षं जातात.

घर देणं सरकारचं काम नव्हे, असं कोणी म्हटलं की मी राह कार्नचं नाव घेते. १९३५ साली कॉनमारातली २७ कुटुंबं मीथ परगण्यात वसवली गेली. घर, शेत, जनावरं, सगळं सरकारने दिलं. नव्वद वर्षं झाली, सभोवती सगळं इंग्रजी, तरी तिथे आयरिश टिकून आहे. कारण आधी शेजार वसवला. ऊदारासकडे जमिनी आहेत. त्यातला काही भाग आयरिश बोलणाऱ्या तरुण कुटुंबांच्या घरांसाठी राखून ठेवा, आणि अनुदानाचा हिशेब मागताना किती नोकऱ्या झाल्या याबरोबर कँटीनमध्ये कोणती भाषा चालते हेही विचारा.

त्या दिवशी बाईंची लेक आली होती. ती गीटेकमध्येच काम करते. गावात घर शोधून दोन वर्षं झाली, शेवटी गॉलवेत फ्लॅट घेतला. तीन वर्षांचा मुलगा तिथल्याच पाळणाघरात जातो. आजीने दुधाचा जग हातात घेऊन त्याला आयरिशमध्ये विचारलं, दूध हवं का? आयरिशमध्ये 'हो' असा सुटा शब्द नाही, प्रश्नातलं क्रियापदच उत्तरात परत म्हणायचं असतं. तो म्हणाला, "येस." आजी जग तसाच धरून उभी राहिली.