पंधरा वर्षांची फौज म्हणजे पदवी नव्हे

माजी सैनिकांच्या शिक्षणाविषयीचा एक मजकूर गेली दोन वर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. पहिल्या तीन वेळा तो माझ्याकडे आला तेव्हा मी तो वाचून सोडून दिला. चौथ्या वेळी तो माझ्या मामेभावाने पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली : "ताई, हे खरं असेल तर मला प्रवेश का नाकारला?" तो सतरा वर्षांच्या सेवेनंतर हवालदार म्हणून निवृत्त झाला. त्याला वकील व्हायचे होते आणि या मजकुरावर विश्वास ठेवल्यामुळे त्याची दोन वर्षे वाया गेली आहेत. मी स्वतः एका महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशाचे काम पाहते, त्यामुळे हे उत्तर मी तेव्हाच लिहायला हवे होते.

त्या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे : पंधरा वर्षे सेवा झालेला प्रत्येक माजी सैनिक कायद्याने पदवीधर असतो आणि कोणतेही विद्यापीठ त्याला पुढील शिक्षणासाठी प्रवेश नाकारू शकत नाही, त्याची व त्याच्या मुलांची सर्व फी माफ असून वर पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते, महाविद्यालयांत पाच टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत, आयआयएममध्ये एमबीए फुकट होते, अग्निवीराला चार वर्षांनी आपोआप पदवी मिळते, आणि अमेरिकेप्रमाणे आपल्याकडेही प्रत्येक महाविद्यालयात माजी सैनिकांसाठी मदत कक्ष असतो.

यातील पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. केंद्रीय नागरी सेवांमध्ये माजी सैनिकांना पुन्हा नोकरी देण्याबाबतचे १९७९ चे नियम आहेत. त्यांतील सहावा नियम शैक्षणिक पात्रतेच्या सवलतीचा आहे आणि १९८६ मध्ये त्यात एक महत्त्वाची तरतूद करण्यात आली. दहावी उत्तीर्ण असलेला, किंवा सैन्याचे विशेष शैक्षणिक प्रमाणपत्र मिळवलेला आणि किमान पंधरा वर्षे सेवा केलेला माजी सैनिक, ज्या पदासाठी पदवी ही आवश्यक अर्हता ठरवलेली आहे अशा गट क मधील (लिपिकासारख्या) माजी सैनिकांसाठी राखीव पदासाठी पात्र मानता येईल, असे ही तरतूद सांगते. पण तिला अटी आहेत. त्या पदासाठी तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक नसावा. आणि तांत्रिक नसलेला व्यावसायिक अनुभव आवश्यक असलाच, तर थोड्या काळाच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाने हा माणूस ते काम करू शकेल अशी नियुक्ती करणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटावी.

हा नियम शब्दशः वाचला की मजकुराचा सगळा डोलारा कोसळतो. नियम नोकरीचा आहे, शिक्षणाचा नाही. तो गट क पुरता आहे, आणि त्यातही राखीव पदांपुरता. तो "पात्र मानता येईल" असे म्हणतो, "पदवीधर आहे" असे कोठेही म्हणत नाही. महाराष्ट्र शासनाच्या भरतीच्या जाहिरातींमध्ये माजी सैनिकांसाठी जवळपास याच अर्थाचा परिच्छेद असतो आणि बँकांच्या लिपिक भरतीतही ही सवलत आहे. त्याच बँकांच्या अधिकारी पदासाठी मात्र खरीखुरी पदवी लागते. या सवलतीसाठी सैन्याकडून मिळणारे पंधरा वर्षांच्या सेवेचे प्रमाणपत्र पदवीच असते, तर हा फरक राहिला नसता.

पदवी कोणी द्यायची हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमाच्या कलम २२ मध्ये लिहिलेले आहे : कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था. सेवेच्या नोंदी ठेवणारे आणि हे प्रमाणपत्र देणारे सैन्याचे रेकॉर्ड ऑफिस या यादीत बसत नाही. माझ्या भावाच्या प्रमाणपत्रावर खालच्या बाजूला केंद्राच्या आदेशाचा उल्लेख आणि "गट क" हे शब्द स्पष्ट छापलेले आहेत. त्याने ते वाचले नव्हते, कारण त्याच्या युनिटच्या ग्रुपवर तीस जणांनी "आपण सगळे ग्रॅज्युएट" म्हणून एकमेकांचे अभिनंदन केले होते.

पुढे काय झाले ते सांगते. तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते आणि खुल्या प्रवर्गात तिला किमान ४५ टक्के गुण लागतात. माझा भाऊ बारावी कला शाखेतून उत्तीर्ण आहे. निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष त्याने प्रवेश परीक्षेच्या तयारीत घालवले. कागदपत्रे तपासताना सेवेचे प्रमाणपत्र पुढे केले, तेव्हा त्याचा अर्ज बाजूला ठेवण्यात आला. त्याला वाटले की महाविद्यालय नियम मोडत आहे. म्हणून दुसरे वर्ष त्याने तक्रारी आणि माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहिण्यात घालवले. तपासणाऱ्या कर्मचाऱ्याची चूक काहीच नव्हती. बी.एड.च्या प्रवेशाचीही हीच गत होते, कारण तेथेही पदवीचे गुणच मोजले जातात आणि सेवेच्या प्रमाणपत्रावर गुणच नसतात.

सदतीस-अडतीस वर्षांच्या, घर चालवणाऱ्या माणसाची दोन वर्षे म्हणजे किती, हे हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा मोजावे. सेवेत असतानाच मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले असते, तर तो निवृत्त होतानाच विधी शाखेच्या दारात उभा राहिला असता. येथे जाता जाता एक सावधगिरीची सूचना देते : बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार ती विधी प्रवेशाला चालत नाही. दहावीवर भरती झालेल्या जवानांनी आधी बारावी करावी.

फी माफी आणि शिष्यवृत्तीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाइलाजाने मान्य करते. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना खरी आहे. पण ती माजी सैनिकांचे पाल्य आणि दिवंगत सैनिकांच्या पत्नी यांच्यासाठी आहे, स्वतः माजी सैनिकासाठी नाही. केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत वर्षाला संपूर्ण देशात ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, मुलींना दरमहा ३,००० रुपये आणि मुलांना २,५०० रुपये. त्यासाठी व्यावसायिक पदवी अभ्यासक्रम लागतो आणि त्या प्रवेशासाठी लागणाऱ्या बारावीसारख्या आधीच्या परीक्षेत किमान ६० टक्के गुण लागतात. संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षण अनुदान मिळते. ते दरमहा १,००० रुपये होते आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी २,००० रुपये झाले आहे. राज्यातही पाल्यांसाठी शैक्षणिक सवलतीची योजना आहे आणि अनेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण विभागाची मुलामुलींची वसतिगृहे आहेत. या सर्वांसाठी मुदतीत अर्ज करावा लागतो. "सगळे माफ आहे" असे समजून घरी बसलेल्या पालकाची मुदत निघून जाते, म्हणून हे अर्धे सत्यही निरुपद्रवी नाही.

पाच टक्क्यांचे उत्तर एका ओळीचे आहे : राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशात संरक्षण दलांसाठीच्या ज्या पाच टक्के जागा आहेत, त्या आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहेत, स्वतः शिकू इच्छिणाऱ्या माजी सैनिकासाठी नाहीत. आयआयएमचेही तसेच. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या उंबरठ्यावरील अधिकाऱ्यांसाठी तेथे व्यवस्थापनाचे सुमारे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवते. त्यांच्या शुल्काचा ४० टक्के भाग अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो. जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) यांच्यासाठीचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, ते वेगवेगळ्या संस्थांत होतात आणि अनेकांना उपयोगीही पडले आहेत; मात्र त्यांतून एमबीएची पदवी मिळत नाही.

अग्निवीरांबाबतचा मुद्दा नव्या मुलांची दिशाभूल करणारा असल्यामुळे त्यावर थोडे थांबते. २०२२ मध्ये चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा शिक्षण मंत्रालयाने इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठामार्फत तीन वर्षांच्या कौशल्याधारित पदवीची घोषणा केली, हे खरे आहे. त्या पदवीचे निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सैन्यातील प्रशिक्षणाचे धरले जातात. उरलेले निम्मे श्रेयांक भाषा, अर्थशास्त्र, इतिहास यांसारखे विषय अभ्यासून, परीक्षा देऊन मिळवायचे असतात. नाव नोंदवले नाही, परीक्षा दिली नाही, तर पदवी नाही. त्यात "आपोआप" काही नाही. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम होणार आहेत. बाकीच्यांची पंधरा वर्षे सेवा होणारच नसल्यामुळे वर सांगितलेली गट क ची सवलतही त्यांना लागू पडणार नाही. ज्या मुलाला बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी बाहेर पडायचे आहे, त्याला "तू पदवीधर होऊनच येशील" असे सांगणे हा अन्याय आहे.

शेवटचा मुद्दा अमेरिकेचा. मजकुरासोबत तेथील एका विद्यापीठाचे छायाचित्र जोडलेले असते. तेथील मदतीमागे कायदा आहे. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केलेल्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षण शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळाला. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख जणांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले, त्यांतील सुमारे २२ लाख जण महाविद्यालयांत गेले. १९४७ मध्ये तेथील महाविद्यालयीन प्रवेशांत जवळपास निम्मे माजी सैनिक होते. सध्याच्या तेथील कायद्यानुसार पूर्ण पात्रता असलेल्याला ३६ महिन्यांपर्यंतचे शुल्क, घरभाड्याचा भत्ता आणि पुस्तकांसाठी रक्कम मिळते, आणि हा लाभ प्रथम स्वतः सैनिकाचा असतो. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्या योजनांचा रोख मुलांवर आणि विधवांवर आहे. सदतिसाव्या वर्षी स्वतः वर्गात बसू पाहणारा माणूस त्यांच्या नजरेतून सुटला आहे. हा मजकूर लिहिणाऱ्याला खरोखर सैनिकांची कळकळ असती, तर त्याने ही उणीव मांडली असती. "सगळे मिळतेच" असे म्हटल्यावर कोणी काही मागायचे कारणच उरत नाही.

मदत कक्षाविषयी मी माझ्या टेबलावरून सांगते. प्रवेशाला येणाऱ्या माजी सैनिकाकडे आम्ही वीस वर्षांपूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला मागतो, मधल्या वर्षांचे गॅप सर्टिफिकेट मागतो आणि सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात ती सतरा वर्षे तारखांसह नोंदलेली असूनही वेगळे प्रतिज्ञापत्र करून आणायला लावतो. रात्रपाळीला सुरक्षारक्षक म्हणून उभा राहणारा माणूस सकाळी सातच्या तासाला ७५ टक्के उपस्थिती कशी भरणार, याचे उत्तर आमच्याकडे नाही. डिस्चार्ज बुक हाच शिक्षणातील खंडाचा पुरावा धरावा, असे टिपण मी आमच्या प्राचार्यांना दिले आहे.

भावाने या वर्षी मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या प्रथम वर्षाला नाव घातले. पदवी हातात येईल तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा असेल आणि त्यानंतर विधीची तीन वर्षे आहेत. युनिटच्या ग्रुपवर त्याने सहाव्या नियमाचे छायाचित्र टाकले, तेव्हा दोघांनी त्याला फोन केला. त्यांतील एकाचे डिस्चार्ज पुढच्या वर्षी आहे आणि बारावीचा अर्ज कोठे भरायचा, असे तो विचारत होता.