मोडेम घरातला, किल्ल्या मात्र दुसऱ्याकडे

नवं ब्रॉडबँड घेतलं की कंपनीचा माणूस येतो, तार आत घेतो, मोडेमचा डबा लावतो, मोबाइलवर काहीतरी चालू करून दाखवतो आणि पुढच्या घरी पळतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, दिवसभरात त्याला अशी कितीतरी घरं उरकायची असतात. माझा राग आपल्यावर आहे. डब्याचा पासवर्ड काय, लॉगिन कुठलं, कुठला दिवा कशाचा, यातलं एक अक्षर आपण विचारत नाही. मग नेट बंद पडलं की त्याच माणसाची वाट बघत बसतो!

माझं मत विचाराल तर फायबर जोडायचं काम त्यांचं, बाकी सगळं ज्याचं त्यानं करावं. यात वेळ वाचतो असं मुळीच नाही, पहिल्या खेपेला चांगला दुप्पट जातो. पण बिघाड नेमका कुठे आहे हे कळायला लागतं आणि कस्टमर केअरला "बंद करून चालू केलंय, पुढचं बोला" असं ठणकावून सांगता येतं.

आपण "नेट गेलं" म्हणतो तेव्हा तीनपैकी एक काहीतरी गेलेलं असतं: बाहेरून येणारी लाइन, कंपनीकडचं लॉगिन, किंवा घरातलं वायफाय. फायबरच्या डब्यावर 'पॉन' (PON) नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर लाइन ठीक आहे. 'लॉस'चा (LOS) दिवा लाल लुकलुकायला लागला तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये, मग सेटिंगमध्ये कितीही खुडबुड करा. अशा वेळी आधी तार बघायची. ती बारीक तार आतून काचेची असते. कपाटामागे काटकोनात दाबली गेली की वळणावर प्रकाश बाहेर गळतो, म्हणून जादा तारेचं सैल, मोठं वेटोळं ठेवायचं. कनेक्टरच्या टोकाला बोट लावायचं नाही आणि आत काय दिसतंय म्हणून डोळ्यासमोर तर अजिबात धरायचं नाही. घरगुती फायबरमधून आपल्याकडे येणारा प्रकाश साधारण १४९० नॅनोमीटरचा असतो, तो डोळ्याला दिसतच नाही. अंधार दिसला म्हणजे तार बंद आहे, असं समजू नका.

पॉन हिरवा आणि इंटरनेटचा दिवा मात्र बंद किंवा लाल? मग घोडं लॉगिनपाशी अडलंय. बऱ्याच कंपन्या पीपीपीओई वापरतात, म्हणजे मोडेमने युजरनेम-पासवर्ड दिला तरच नेट सुरू होतं. युजरनेम, पासवर्ड, आणि काही ठिकाणी व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा) एक आकडा, हे सगळं मोडेमच्या पोटात भरून ठेवलेलं असतं. आणि इथेच आपली मंडळी टाचणी घेऊन रिसेटचं भोक शोधतात. अहो, रीस्टार्ट वेगळं आणि रिसेट वेगळं! टाचणी दाबून धरली की बहुतेक डब्यांतलं ते लॉगिनही पुसलं जातं आणि चालायच्या बेतात असलेला मोडेम कोरा होतो. म्हणून जोडणीच्याच दिवशी सेटिंगच्या पानाचे फोटो काढून ठेवावेत. पासवर्ड मात्र त्या पानावर ठिपक्यांत दिसतो, तो माणूस दारात असतानाच लिहून घ्यायचा. टाळाटाळ केली तरी सोडायचं नाही.

त्या पानावर जाणं अवघड नाही. लॅन केबलने लॅपटॉप जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा डब्याच्या बुडाशी छापलेला पत्ता टाका. आत शिरल्यावर पहिलं काम ॲडमिनचा, म्हणजे याच पानाचा, पासवर्ड बदलायचं. वायफायचा वेगळा, हा वेगळा. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले असेच तयार पासवर्ड टाकून बघत घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. ऑक्टोबरमध्ये त्या फौजेने डिन या कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससकट मोठमोठ्या साइट लोकांना उघडेनात. मालकांना पत्ताही नव्हता.

दुसरं काम, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी, म्हणजे वाटायला कोट्यवधी शक्यता. पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे जेमतेम ११,००० प्रयत्नांत काम होतं. हे २०११ मध्येच उघड झालंय, तरी काही डब्यांत ते अजून चालूच असतं.

वायफायबद्दल लोक सर्वात जास्त कुरकुरतात आणि सर्वात कमी करतात. डबा टीव्हीमागून काढून उंचावर, घराच्या मध्याजवळ ठेवा. वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलंच एक घ्या, बाकीची एकमेकांत घुसतात. वेग मोजायचा तर केबल लावून मोजा, वायफायवरच्या आकड्यावरून कंपनीशी भांडू नका. केबलवरही आकडा शंभर एमबीपीएसच्या आसपासच अडत असेल तर केबलच्या प्लगमध्ये डोकावून बघा. आठ दातांखाली चारच रंगीत तारा दिसल्या तर चोर सापडला: गीगाबिटला आठही तारा लागतात, चार तारांवर शंभरच मिळतात. एवढ्यासाठी महागडा प्लॅन घेऊन बसलेले लोक आहेत.

कुणाचं अडलं असेल तर दिव्यांचा फोटो कॉमेंटमध्ये टाका, बघून सांगतो. फक्त बुडाच्या लेबलचा टाकू नका, त्यावर तुमचा वायफायचा पासवर्ड छापलेला असतो.