खांदा द्यायला कोण येतं?

‘फेसबुकवर पाच हजार मित्र, पण खांदा द्यायला चार माणसं मिळणार नाहीत.’ घरच्या ग्रुपवर हा मजकूर पुन्हा पुन्हा येतो. ऑनलाइन मित्र वेळेला येत नाहीत, तिथली ओळख खोटी असते, आणि भेटीशिवाय नातं नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही.

वेळेला कुणी येत नाही? नॉर्वेचा मॅट्स स्टीन नोव्हेंबर २०१४ मध्ये गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीने त्याचे स्नायू लहानपणापासून झिजत गेले होते. पोराला ना मैत्री मिळाली ना प्रेम, हेच आईवडिलांचं दुःख. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी टाकली आणि परक्या देशांतून ईमेल येऊ लागले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या, देशोदेशीच्या लोकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन गेममध्ये तो वर्षानुवर्षं ‘इबेलिन’ म्हणून वावरत होता. ईमेल लिहिणारे सगळे त्याच्या तिथल्या गटातले सोबती. अंत्यविधीला त्यांच्यातले काही परदेशातून आले. ज्यांना तिकीट परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी बाकीच्यांनी वर्गणी काढली.

ओळख खोटी? त्याने व्हीलचेअर बरीच वर्षं लपवली, हे खरं. पण नेदरलँड्सच्या एका मुलीचा कॉम्प्युटर घरच्यांनी काढून घेतला, तेव्हा तिच्या आईवडिलांना समजावणारं पत्र त्याने लिहिलं. डेन्मार्कच्या एका आईला आपल्या ऑटिस्टिक मुलाशी जवळीक साधता येत नव्हती. दोघांनी मिळून गेम खेळावा, हे त्याने सुचवलं. यातलं खोटं काय? आपण तर शिरवाडकरांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो आणि त्यांना कुसुमाग्रज म्हणतो. घेतलेल्या नावामागचा माणूस खोटा नसतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

फसवणारे असतात, मान्य. ते स्थळ बघतानाही असतात; म्हणून आपण चौकशी करतो, लग्नं खोटी ठरवत नाही.

भेटीचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. आजाऱ्याला कुशीवर वळवायला, घास भरवायला जवळचाच हात लागतो. मॅट्सलाही लागत होता. पण त्या हातांनी त्याचं सगळं आयुष्य भरत नव्हतं, आणि उरलेलं ज्यांनी भरलं त्यांना खोटं ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

इबेलिन गेममध्ये रोज एक ठरलेली वाट धावायचा. तो गेल्यावरही गटातली माणसं दरवर्षी त्याच्या आठवणीत एकत्र येतात आणि त्याच वाटेने धावतात.